पहारेकऱ्याचे पोट

डोंगराच्या पायथ्याशी सागाचे एक मोठे जंगल होते. तिथल्या वानरांच्या टोळीत एक वानर असा होता की त्याची नजर साऱ्या जंगलात तीक्ष्ण होती आणि पोट साऱ्या जंगलात भित्रे होते.

मुलांनो, आधी त्या जंगलातली एक रीत सांगते, म्हणजे पुढची गंमत नीट कळेल. वानर झाडावर बसून पाला खातात, पण खाण्यात ते मोठे उधळे. चार पाने पोटात गेली तर आठ खाली पडतात. ती आयती पाने खायला चितळांचा कळप त्यांच्या झाडाखाली येतो. चितळ म्हणजे अंगावर पांढरे ठिपके असलेले हरीण. हरणे खाली राहून वास घेतात, वानर वरून दूरवर पाहतात. वाघ आल्याचे ज्याला आधी कळेल त्याने ओरडायचे, म्हणजे दोघांचीही पिल्ले वाचतात. हा करार कोणी कुठे लिहून ठेवलेला नव्हता, पण आजवर कोणी मोडलेलाही नव्हता.

पाणवठ्याच्या काठी अर्जुनाचे उंच झाड होते. त्याच्या शेंड्याजवळच्या बेचक्यात टोळीचा पहारेकरी बसे. तिथून नदीचे वळण दिसे, पलीकडचे गवत दिसे, टेकडीवरून उतरणारी पायवाटही दिसे. आपल्या या वानराला ती जागा मिळाली होती ती केवळ डोळ्यांच्या जोरावर. उड्या मारण्यात तो सगळ्यांच्या मागे असे आणि भांडणात तर त्याला कोणी मोजतही नसे. पण गवतात काही हलले की तो वरून सांगे, ससा आहे, आणि त्याचा डावा कान जरा फाटलेला आहे. ते बेचके म्हणजेच त्याची सारी इज्जत होती.

अडचण एकच होती. वाघ दिसला की त्याच्या छातीत धडधडायला लागे, तोंडाला कोरड पडे, अंगावरचे केस ताठ उभे राहत आणि तो ओरडायच्या आधीच त्याचे पोट मोकळे होई. बेचक्याच्या बरोबर खाली सर्वांत दाट सावली पडे, आणि त्या सावलीत कळपातली सर्वांत वडीलधारी चितळीण उभी राहत असे. सगळे तिला मावशी म्हणत. उन्हाळा लागल्यापासून वाघ तीनदा आला. तिन्ही वेळा वानराने ओरडून कळप वाचवला आणि तिन्ही वेळा मावशी डोक्यापासून शेपटीपर्यंत न्हाऊन निघाली.

तिसऱ्या वेळी ती थेट टोळीच्या हुप्प्याकडे गेली. हुप्प्या म्हणजे टोळीचा म्होरक्या. त्याला सगळे आबा म्हणत.

मावशी शांतपणे म्हणाली, "आबा, माझ्या अंगावर जन्मापासून पांढरे ठिपके आहेत. मला तेवढे पुरेत. हिरव्या ठिपक्यांची मला हौस नाही."

टोळी फिदीफिदी हसली. आबांनी हसू दाबले आणि पहारेकऱ्याला खाली बोलावले. असेच चालत राहिले तर हरणे दुसऱ्या झाडाखाली जातील, मग वास घ्यायला कोण उरणार, असे त्यांनी त्याला सुनावले. पौर्णिमेला अजून दहा दिवस होते. तोवर पोट आवरायला शिकला तर ठीक, नाहीतर बेचके त्याच्या चुलतभावाला द्यायचे असे ठरले. चुलतभाऊ चांगला धिप्पाड होता आणि त्याचे पोट दगडासारखे घट्ट होते. डोळ्यांचे मात्र कठीण होते. मागच्याच आठवड्यात त्याने एका वाळक्या बुंध्याला काका समजून वाकून नमस्कार केला होता.

आपल्या वानराला रडूच आले. बेचके गेले तर आपल्याला कोण विचारणार? आणि चुलतभावाला वाघ दिसेपर्यंत वाघाचे जेवण आटोपलेले असेल, हेही त्याला कळत होते. काहीही करून पोटाला शिस्त लावायची, असे त्याने मनाशी ठरवले.

पाणवठ्यात एक बगळा एका पायावर उभा होता. तो सकाळपासून इतका निश्चल होता की एक बेडूक त्याला काठी समजून शेजारी येऊन बसला होता. बेडकाची ती चूक शेवटचीच ठरली. वानर काठावर उतरला आणि त्याने हात जोडून विचारले, "बुवा, एवढं स्वतःला आवरणं कसं जमतं?"

बगळ्याला आजवर कोणी काही विचारले नव्हते. त्यामुळे त्याची मान आणखीच लांब झाली. तो म्हणाला, "शरीर हा नोकर आहे. त्याला आपल्या मनाने काही करू दिलं की तो डोक्यावर बसतो. माझा श्वाससुद्धा माझ्या परवानगीशिवाय आत येत नाही."

खरे सांगायचे तर बगळ्याने आपल्या श्वासाकडे जन्मात कधी लक्ष दिले नव्हते. पण आपल्याला कोणी गुरू केले की अशी वाक्ये सुचतात.

दुसऱ्या दिवसापासून वानराची शिकवणी सुरू झाली. पहिला धडा श्वासाचा होता. वानर बेचक्यात ताठ बसला आणि "आत," "बाहेर," "आत," "बाहेर," असे हुकूम सोडू लागला. थोडा वेळ छान चालले. मग एका मैत्रिणीने त्याच्या हातात पिकलेले टेंभुर्णीचे फळ ठेवले. ते चावता चावता "बाहेर" म्हणायचे राहून गेले आणि श्वास छातीत अडकून बसला. वानराचे तोंड मुळातच काळे, म्हणून ते निळे पडल्याचे कोणाला दिसले नाही. शेवटी छातीनेच हुकमाची वाट न पाहता भस्सकन श्वास सोडला. फळ उडून आबांच्या पाठीवर आदळले. वानराला याचा फार राग आला. आपल्याला न विचारता छातीने असे करावेच का?

दुसरा धडा हृदयाचा होता. इतकी वर्षे ते बिचारे आपले काम करत होते, त्याच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. आता वानर कान देऊन ऐकू लागला. "हळू," तो म्हणे. हृदय दोन ठोके जोरात टाकी. "हळू म्हणतो ना," तो दटावे. मग तर ते ढोलकीसारखे वाजू लागे. जितका कान लावावा तितका आवाज मोठा. बगळ्याला विचारले तर तो म्हणाला की दटावणे कमी पडते आहे.

तिसरा धडा पोटाचा, म्हणजे ज्यासाठी हा सारा खटाटोप चालला होता त्याचा. वानर पान खाई आणि पोटाला सांगे, "थांब. मी सांगेन तेव्हा पचव." बहुधा त्या धास्तीनेच पोट खरोखरीच थांबले. एक दिवस गेला, दोन दिवस गेले, काही म्हणून बाहेर आले नाही. पोट टम्म फुगले. खाली सावलीत उभ्या असलेल्या मावशीची पाठ कोरडी ठणठणीत राहिली. आबांना वाटले, पोराला शिस्त लागली. त्यांनी त्याची पाठ थोपटली, तर पोटातून डबडब असा आवाज आला.

दुपारी सारी टोळी फांद्यांवर पाय सोडून डुलक्या काढी. वानराला तेही जमेना. आपण झोपलो तर "आत" आणि "बाहेर" कोण म्हणणार? तो डोळे ताणून बसला. पण उन्हाची वेळ, वरून पानांची सळसळ, त्याचा डोळा लागलाच. दचकून जागा झाला तेव्हा त्याला काय आढळले असेल? श्वास आपला चाललाच होता. आत, बाहेर, आत, बाहेर, अगदी संथ, त्याच्या हुकमापेक्षा कितीतरी सुरेख. दुसरा कोणी असता तर सुखावला असता. हा मात्र धावत बगळ्याकडे गेला आणि घरात चोर सापडल्यासारखे सांगू लागला, "बुवा, मी झोपलो होतो तेव्हा आत कोणीतरी माझं काम करत होतं."

"म्हणजे झोप कमी कर," बगळा म्हणाला.

आठ दिवसांत वानर सुकून गेला. फक्त पोट तेवढे मोठे. मावशीला ते बघवेना. एका सकाळी तिने मान वर करून विचारले, "अरे, हे काय करून घेतलंस?"

वानराने अभिमानाने सगळे धडे सांगितले. मावशी रवंथ करत ऐकत होती. ऐकता ऐकता तिच्या गळ्याशी खालून एक गोळा आला, तो तिने चघळला आणि गिळला.

"हे बघ," ती म्हणाली, "सकाळी मी भराभर चरते. नंतर तो घास पुन्हा तोंडात येतो. केव्हा यायचं ते माझं पोट ठरवतं. मी त्याला कधी विचारलं नाही, त्यानंही मला विचारलं नाही. एवढ्यावर मी सहा पाडसं वाढवली. मला फक्त माझ्या पाठीचं म्हणायचं होतं रे."

"मावशी, तुम्ही पौर्णिमेपर्यंत बघाच," वानर म्हणाला आणि पुन्हा "आत, बाहेर" करू लागला.

पौर्णिमेला एक दिवस उरला होता. ऊन कलले तसा कळप पाण्यावर उतरला. मावशी आपल्या सावलीत उभी होती. तिचे सातवे पाडस पाण्याच्या अगदी कडेला, पुढचे पाय फाकवून पाणी पीत होते. आबा खालच्या फांदीवर बसून कोणाकडून तरी पाठ साफ करून घेत होते. बगळा एका पायावर होता. आणि पहारेकरी वर बेचक्यात होता, पण डोळे अर्धवट मिटून, सारे लक्ष आत लावून. आत. बाहेर. हळू. थांब.

एकाएकी त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले.

झाले होते असे, की पलीकडच्या काठावर गवताचा एक झुबका वाऱ्याच्या उलट दिशेला हलला होता. वानराच्या डोळ्याच्या कोपऱ्याने तो टिपला होता. पण वानर स्वतः त्या वेळी डोळ्यांत होताच कुठे? तो पोटात बसून हुकूम सोडत होता. म्हणून बातमी त्याला न कळता आतल्या आत पोहोचली आणि आतली सारी मंडळी कामाला लागली.

"बसा खाली," तो केसांना म्हणाला आणि त्याने हाताने मान दाबली. मान दाबली तर पाठीवरचे उभे राहिले. पाठ दाबली तर शेपटी फुलली. तेवढ्यात तोंडाला कोरड पडली. त्याने लाळेला हुकूम दिला, ती आली नाही. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, समोरचे पाणी लखलखू लागले आणि नसता उजेड आत येतो म्हणून वानराने चक्क डोळे गच्च मिटून घेतले. छातीत धडधड सुरू झाली.

आता मात्र तो चिडला. "तुला झालंय काय?" तो हृदयाला म्हणाला. "वाघ आलाय का? मला दिसला का? नाही ना? मग कशाला उगाच?"

धडधड वाढली. पलीकडे हललेले गवत आता अलीकडच्या काठावर हलत होते.

"उद्या पौर्णिमा आहे," वानर काकुळतीला आला. "एक दिवस. फक्त एक दिवस माझं ऐका."

पण हृदय ऐकेना, केस ऐकेनात, श्वास तर केव्हाच आपल्या मनाने भराभर चालू लागला होता. राहिले होते फक्त पोट. त्या पोटात इतक्या दिवसांचा पाला साठलेला होता. वानराने दोन्ही हातांनी ते धरले, दात आवळले आणि शेवटचा हुकूम सोडला, "थांब."

पोट थांबले नाही.

मावशीच्या पाठीवर जे कोसळले ते पूर्वीच्या तिन्ही वेळा मिळून झाले नसेल इतके होते. पण मावशीने वर पाहिले नाही, की मागे पाहिले नाही. या पोराचे पोट कशाला सुटते ते तिच्याइतके जंगलात कोणाला ठाऊक होते? तिने खूर आपटला आणि साऱ्या पाणवठ्याला ऐकू जाईल असा इशारा दिला. कळप उधळला. पाडस एका उडीत मागे फिरले. त्याच क्षणी गवतातून वाघ झेपावला, आणि पाडसाच्या पायांचे ठसे उमटले होते त्या चिखलात त्याचे दोन्ही पंजे रुतले. पंजांखाली चिखल तेवढा होता.

बगळाही उडाला. हुकमाशिवाय श्वास न घेणारे बुवा असे उडाले की मागे एक लांबलचक पांढरी रेघ ओढली गेली आणि ती नेमकी आबांच्या कपाळावर संपली.

वानराने डोळे उघडले ते तेव्हा. त्याला वाघ दिसला. मग त्याने "खॅक्, खॅक्" असा आवाज केला आणि सगळे पळून गेल्यावरही बराच वेळ तो करत राहिला. वाघाने वर पाहिले, नाक मुरडले, दोन घोट पाणी प्यायले आणि तो निघून गेला.

वानर बेचक्यात थरथरत बसला होता. सारे संपले होते. पौर्णिमेच्या आदल्या दिवशीच पोटाने दगा दिला होता. आता त्याच्यात "आत, बाहेर" म्हणण्याचेही त्राण नव्हते, म्हणून त्याने ते सोडून दिले. आणि बघता बघता छातीतले ठोके मंद झाले. एकेक करून केस खाली बसले. तोंडात पाणी आले. पोट आतून कुरकुरले, म्हणजे त्याला भूक लागली होती. कोणाच्याही हुकमाशिवाय त्याचा हात पानाकडे गेला, आणि आठ दिवसांत पहिल्यांदाच ते पान त्याला गोड लागले.

मुलांनो, तुमच्या-माझ्या आतही असे दोन कारभारी असतात. एक संकटाचा. तो धोका दिसला की हृदयाला पळवतो, श्वास वाढवतो, पोटाचे नेहमीचे काम बाजूला ठेवतो, कधी तर ते एकदम रिकामेच करून टाकतो. दुसरा निवांतपणाचा. तो संकट टळले की सगळ्यांना शांत करतो, जेवण पचवायला घेतो. शाळेच्या पुस्तकात याला स्वायत्त चेतासंस्था म्हणतात. वानराकडे पुस्तक नव्हते. त्याला एवढेच वाटत होते की आपली अब्रू गेली.

तिन्हीसांजेला सगळे झाडाखाली जमले. मावशी पाण्यात डुंबून आली होती. आबा कपाळ पुसत होते. त्यांनी घसा खाकरला आणि ठरलेले ठरले आहे, पोट काही आवरलेले नाही, असे जड आवाजात सांगितले. वानर मुकाट्याने खाली उतरू लागला. चुलतभाऊ वर चढू लागला, पण तो चुकून शेजारच्या झाडावर चढला.

"आबा, जरा थांबा," मावशी म्हणाली. "आज याचे डोळे मिटलेले होते. तोंड बंद होतं. पहाऱ्यावर जागं होतं ते एकटं पोट. आणि तुम्ही पोटापायीच याला काढताय?"

पाडस आईच्या पायांत घुसून दूध पीत होते. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या.

"पण मावशी, तुमची तक्रार होती," आबा म्हणाले.

"होती ना. पण त्याला पोट आवरायला सांगण्यापेक्षा मीच चार पावलं बाजूला उभी राहिले असते तर भागलं असतं. सावली तिथली दाट होती, म्हणून माझा पाय निघेना. चूक माझीही आहे." मग ती वानराकडे वळली. "आणि तू रे. तुझ्या वाट्याला दोनच कामं आहेत. बघणं आणि ओरडणं. ती सोडून जी आपली आपण होतात त्यांच्यावर मुकादमी करत बसलास. आज माझं पाडस गेलं असतं तर काय सांगितलं असतंस मला, श्वास छान चालला होता म्हणून?"

वानराने मान खाली घातली. तो म्हणाला, "मावशी, केस, छाती, पोट सगळे मला सांगत होते. मीच त्यांना गप्प करत होतो."

आबांनी त्याला पुन्हा वर जायला सांगितले. चुलतभावाला शेजारच्या झाडावरून उतरवून घ्यायला दोघांना पाठवावे लागले.

सकाळी बगळा परत आला आणि पूर्वीसारखाच एका पायावर उभा राहिला. वानराने काठावरून अगदी नम्रपणे विचारले, "बुवा, काल उडताना ती परवानगी तुम्हीच दिली होतीत ना?"

बगळा पाण्याकडे पाहत राहिला. "मासे बुजतात," तो म्हणाला. "बोलू नकोस."

त्यानंतरही वाघ आला. पाऊस पडण्याआधी दोनदा आला. वानराच्या मानेवरचे केस उभे राहिले की तो त्यांना दटावत नसे. हे कशामुळे उभे राहिले ते शोधायला तो लगेच चारी दिशांना डोळे फिरवी. छाती धडधडली की तिला धडधडू देई आणि आपण पोटभर ओरडून घेई. पोट आपले काम करीच, पण खाली आता कोणी उभे राहत नसे. अर्जुनाच्या सावलीत तेवढी एक गोल जागा हरणांनी मोकळी सोडली होती, आणि नव्या पाडसांना पहिल्याच दिवशी शिकवले जाई की इथे काही पडले तर वर बघायचे नाही, पळायचे. पावसाळ्यात त्या गोल जागेत असे कोवळे, हिरवेगार गवत उगवले की साऱ्या जंगलात तसे कुठे नव्हते. मावशी ते मान लांबवून, बाहेर उभी राहूनच खात असे.

तात्पर्य : हृदयाचे ठोके, श्वास, पचन ही कामे शरीर आपल्याला न विचारता चोख करत असते. त्यांच्यावर हुकूम चालवू नये आणि त्यांची लाजही बाळगू नये. ती काय सांगतात ते ऐकावे, आणि आपल्या वाट्याला आलेले काम डोळे उघडे ठेवून करावे.